फुलपाखराचं वजन

एका जंगलात, पोरांनो, त्या दिवशी ऊन असं होतं की सरडा एक पाय टेकवायचा, उचलायचा, त्यावर फुंकर घालायचा आणि मग दुसरा टेकवायचा. होळी होऊन पाच दिवस झाले होते. वारा पडला होता. पळसाची फुलं आपल्याच रंगानं भाजल्यासारखी दिसत होती.

अशा उन्हात भिवबा अस्वल रांगेत उभा होता. अंगावर काळी घोंगडी. ती काढून ठेवावी म्हटलं तर काढता येत नाही, कारण ती जन्मताच अंगावर आलेली.

रांग कसली, ते सांगतो. पण सावकाश सांगतो. ज्याला घाई असेल त्यानं पुढे जाऊन तात्पर्य तेवढं वाचून यावं. मोठी माणसं तसंच करतात.

या जंगलाच्या कडेनं एक नदी वाहायची. नदीला एक डोह होता. डोहाच्या एका काठावर उंबराची दाट सावली. दुसऱ्या काठावर नुसता खडक. नदीच्या पलीकडे दुसरं जंगल.

दोन्ही जंगलांत एक जुना रिवाज होता. चैत्राच्या पुनवेला दोघांनी हुतूतू खेळायचा. जिंकेल त्यानं पाऊस पडेपर्यंत सावलीत बसायचं. हरेल त्यानं खडकावर.

हुतूतू म्हणजे तुम्ही ज्याला कबड्डी म्हणता तेच. एका दमात 'हुतूतूतू' करत पलीकडच्यांच्या अंगणात जायचं, त्यांच्या गड्यांना शिवायचं, आणि दम सुटायच्या आत मधल्या रेघेला परत यायचं. ज्याला शिवलं तो बाद. रेघेला येण्याआधी दम सुटला तर आपण बाद.

भिवबाचं जंगल दहा वर्षं खडकावर बसत होतं. हरलं म्हणून नव्हे. हरायला आधी खेळावं लागतं. ते जंगल तयारी करत होतं.

आखाडा मात्र बघण्यासारखा होता. तांबडी माती, चाळून घेतलेली. तिच्यात ताक घातलेलं, हळद घातलेली, लिंबू पिळलेलं. रोज सकाळी ती कडेला उभं राहूनच उकरायची आणि पुन्हा सारखी करायची. दहा वर्षांत तिच्यावर कोणाचा पाय पडला नव्हता, त्यामुळे माती फार चांगली राहिली होती. लांबलांबून पाहुणे बघायला यायचे.

आखाड्याला एक दार होतं. सागाचे दोन खांब, वर आंब्याचं तोरण. दारापाशी जांभळाची एक आडवी फांदी, आणि फांदीच्या टोकाखाली एक काळा दगड. ज्याला खेळायचं असेल त्यानं फांदीच्या टोकावर बसायचं. फांदी दगडाला टेकली नाही, तर आत. टेकली, तर नारोपंत म्हणायचे, "आधी उतरव, मग ये."

नारोपंत म्हणजे कोल्हा. आखाड्याचे कारभारी. त्यांनी स्वतः कधी हुतूतू खेळला नव्हता. नियम सांभाळायचे आणि वर खेळायचंही, एवढं एकट्याकडून कसं होणार?

पहिल्या वर्षी पंतांनी गव्याला परत पाठवलं. जंगलाला ते पटलं. दुसऱ्या वर्षी सांबर परत गेलं. मग भेकर. मग ससा. गेल्या साली तर एक खार परत गेली.

"पिढीच जाड होत चालली," पंत म्हणायचे आणि मान हलवायचे.

ज्याला उतरवायचं असेल त्याच्यासाठी एक वैद्य बगळे होते. ते काठावर एका पायावर उभे असायचे. अंगानं काडी. जन्मापासूनच काडी. त्यामुळे बारीक कसं व्हावं, याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

भिवबा चार वर्षं त्यांच्या औषधावर होता. मध बंद. मोहाची फुलं बंद. वाळवी मोजून. सकाळी चाळीस, संध्याकाळी तीस, आणि वर शतपावली. वारुळापाशी बसून वाळवी मोजताना भिवबाचा आकडा चुकायचा. मग तो पुन्हा पहिल्यापासून मोजायचा, आणि मोजलेली परत कशी ठेवणार, म्हणून खाऊन टाकायचा.

त्याला हुतूतूचं काही वेड नव्हतं बरं का. त्याला सावली हवी होती. मागच्या वैशाखात तो खडकावर भोवळ येऊन पडला. पंतांनी तोंडावर पाणी मारलं, आणि तो शुद्धीवर आल्याबरोबर म्हणाले, "वजन!" भिवबाच्या तोंडावरचे केस आता पांढरे व्हायला लागले होते. आणखी एक उन्हाळा खडकावर काढायचं बळ अंगात नाही, हे त्याला कळत होतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुन्हा शतपावलीच सांगितली असती.

तर असा तो रांगेत उभा होता. त्याच्या मागे त्याचा शेजारी, यसाजी कासव. भिवबाच्या गुहेला लागून जी कपार आहे, तिच्यात यसाजी राहायचा. तो दहा वर्षं रांगेत यायचा. त्याचं बाकी सगळं उतरलं होतं. मान तर दोरीसारखी झाली होती. तेवढं पाठीवरचं राहिलं होतं.

"पाठीवरचं सगळ्यात शेवटी उतरतं," वैद्यबुवा त्याला म्हणाले होते. यसाजी वाट बघत होता.

तेवढ्यात एक फुलपाखरू आलं. पिवळं. त्याला काही खेळायचं नव्हतं. ते दमलं होतं, एवढंच. ते जांभळाच्या फांदीवर जाऊन बसलं.

फांदी दगडाला टेकलेली होती.

पंतांनी मान वर केली नाही. म्हणाले, "आधी उतरव, मग ये."

फुलपाखरू उडून गेलं. फांदी तिथेच राहिली. दगडावर.

रांगेत ज्यानं त्यानं आपापलं पोट आत घेतलं.

"फुलपाखरूसुद्धा!" यसाजी हळहळला. "पण त्याचा तरी काय दोष? हल्ली फुलंच जड असतात."

भिवबाला विचार करायला वेळ लागायचा. त्यानं फांदीकडे बघितलं. मग दगडाकडे. मग पुन्हा फांदीकडे.

"काका, फांदीवर आता कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"मग टेकलीय कशी?"

"भिव्या," यसाजी म्हणाला, "रांगेत बोलू नये."

दहा वर्षं, पोरांनो, रोज शंभर जनावरं त्या फांदीवर बसून उठत होती. फांदी दरवर्षी वीतभर खाली येत होती. पण फांदीकडे कोण बघतो? जो तो आपल्या पोटाकडे बघत होता.

भिवबाची पाठ खाजू लागली. रांग सोडून तो सागाच्या खांबाकडे गेला आणि खांबाला पाठ घासू लागला. घासता घासता त्यानं डावीकडे बघितलं. मग उजवीकडे. आखाड्याला दार होतं. नुसतंच दार. दाराच्या अल्याड भिंत नव्हती, पल्याड कुंपण नव्हतं, काटेरी फांदीसुद्धा कोणी टाकलेली नव्हती.

पाठ घासून झाली. भिवबा खांबाच्या बाजूनं चार पावलं चालला आणि आखाड्यात उभा राहिला. मऊ मातीत त्याचा पाय घोट्यापर्यंत गेला. दहा वर्षांतला पहिला पाय.

"अरे अरे अरे!" पंत उठून उभे राहिले. "माती बिघडेल!"

"मातीच आहे पंत. झाडून घेईन."

"तुझं वजन?"

"आहे ना. बरोबरच आणलंय."

"आधी वजन उतरवायचं, मग खेळायचं. हा नियम आहे."

"चार वर्षं तेच केलं," भिवबा शांतपणे म्हणाला. "आता जरा उलट करून बघतो. त्याला उतरायचं असेल तर ते मागाहून उतरेल. नाही उतरलं, तर खेळेल माझ्याबरोबर."

"गुडघे जातील!" काठावरून वैद्य बगळे ओरडले. पाय बदलायला ते विसरले, इतका त्यांना धक्का बसला.

भिवबानं छाती भरून घेतली आणि तो पळाला. "हुतू, तू, तू..." तिसऱ्या 'तू'ला दम सुटला. पाय पायात अडकला. तो आडवा झाला आणि हळदीच्या मातीत लोळत गेला. उठला तेव्हा पिवळाजर्द.

रांग खो खो हसली. "भिवबा, हळद लागली! मुहूर्त कधीचा?"

"नवरीला उचलू नकोस रे, तिचा जीव जाईल!"

"नवरी उचलेल याला!"

झाडावर पलीकडच्या जंगलाचा कावळा बसला होता. तो उडाला आणि आपल्या धन्याला सांगून आला, "तीन 'तू'. फक्त तीन."

दुसऱ्या दिवशी भिवबा पुन्हा आला. बाजूनंच. त्या दिवशी चार 'तू' झाले. तो बसून धापा टाकत होता, तेवढ्यात सागाच्या खांबामागून कोणी तरी डोकावलं. ती ठकी खार. गेल्या साली परत पाठवलेली तीच. वर्षभर तिनं शेंगा सोडल्या होत्या. डोळे आणि शेपूट, एवढंच उरलं होतं.

"भिवबादादा, मलाही यायचंय. पण मी जाड आहे."

भिवबानं तिला तळहातावर घेतलं. हातावर काही आहे की नाही हे बघायला त्याला हात डोळ्यांपाशी न्यावा लागला.

"आहेस खरी जाड," तो म्हणाला. "ये."

त्या दिवसापासून ठकी त्याच्या डोक्यावर बसून 'तू' मोजायची. सात. मग अकरा. एके दिवशी एकदम पाचावर आले. भिवबा खाली मान घालून बसला.

"आज काय झालं?" ठकीनं विचारलं.

"काल मोहाखाली गेलो होतो."

"किती खाल्लीस?"

"मोजली नाहीत."

"मग बरंच झालं. मोजली असतीस तर जास्त खाल्ली असतीस. ऊठ."

ठकीला बघून साळिंदर आलं. मग दोन ससे. मग एक म्हातारा वानर, ज्याला उडी मारताना कमरेत चमक भरायची. सगळे बाजूनं आले. रांगेतल्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली, कारण बघितलं असतं तर यावंसं वाटलं असतं.

झाले सहा. हुतूतूला सात लागतात. पुनव चार दिवसांवर आली, तेव्हा भिवबा शेजारच्या कपारीपाशी गेला.

"काका, एक गडी कमी पडतोय. तुम्ही चला."

"मी?" यसाजीची मान भीतीनं आत गेली आणि आतूनच बोलली. "येईन ना. पण असा कसा येऊ? दोन महिने थांब. पाठीवरचं थोडं उतरू दे."

"पुनव चार दिवसांवर आहे काका."

"हीच तुझी खोड. सदा घाई."

तेव्हा सहाच गेले.

पुनवेच्या दिवशी डोहाकाठी दोन्ही जंगलं जमली. पलीकडून रानडुकरं आली, त्यांचा म्होरक्या दातेराव पुढे. विजयाचे हार त्यांनी घरूनच घालून आणले होते. दहा वर्षं ते नुसता नारळ फोडून सावलीत बसत होते. खेळावं लागेल असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"हे काय?" दातेरावानं भिवबाकडे बघितलं. "एवढं सगळं एकटाच का?"

"सातवा आला नाही, म्हणून त्याचंही मीच आणलंय," भिवबा म्हणाला.

खेळ सुरू झाला. ठकीनं दोन डुकरांना शिवलं. ती कुठून आली आणि कुठून गेली ते त्यांना समजलंच नाही. साळिंदराला धरायला कोणी धजेना, म्हणून त्यानं आणखी एकाला बाद केलं. पण डुकरांच्या अंगात जोर होता. ससे गेले. वानराच्या कमरेत चमक भरली. साळिंदराचा दम सुटला. शेवटी ठकीही धरली गेली. दातेरावानं तिला शेपटीला धरून उचलून बाहेर ठेवलं, अगदी हलक्या हातानं.

आता तिकडे चौघं. इकडे भिवबा एकटा. चढाई त्याची.

ऊन डोक्यावर आलं होतं. खडक तापला होता. खडकावर बसलेलं आपलं जंगल आधीच चुळबुळ करत होतं. भिवबानं एकदा सावलीकडे बघितलं. छाती भरून घेतली आणि रेघ ओलांडली.

"हुतू, तू, तू..."

"तीन," दातेराव म्हणाला आणि हात कमरेवर ठेवून उभा राहिला. कावळ्यानं सांगितलंच होतं.

चौथा 'तू' आला. पाचवा आला. दातेराव हसतच होता. बाराव्याला भिवबाचा पंजा त्याच्या खांद्यावर पडला, तेव्हा तो हसायचा थांबला.

"धरा!"

चौघंही तुटून पडले. एक पायाला, एक कमरेला, दोन पाठीवर. भिवबा रेघेकडे वळला. तो काही मोठ्या जोरानं ओढत नव्हता. दिवसभराचं काम संपवून कोणी घरी निघावं, तसा निघाला होता. अंगावर चार डुकरं होती, एवढंच.

"वीस!" ठकी बाहेरून ओरडत होती. "दादा, पंचवीस!"

रेघ दोन हातांवर आली. डोळ्यांपुढे काळोख झाला. मागच्या वैशाखात झाला होता, तसाच. आवाज किडक्या बासरीसारखा येऊ लागला. पण येत होता.

"चौतीस! दादा, पड! रेघेकडे पड!"

भिवबा पडला. पडणं त्याला महिनाभरात चांगलं जमलं होतं. पडता पडता त्यानं हात लांब केला, आणि पंज्याचं मधलं नख रेघेला लागलं. मग त्यानं शेवटचा 'तू' सोडला.

चारही डुकरं बाद.

आता पुढचं ऐका. खरी गोष्ट इथून सुरू होते.

आपलं जंगल सावलीत येऊन बसलं. सगळ्यात आधी नारोपंत उठले. म्हणाले, "हा विजय शिस्तीचा आहे. गेली दहा वर्षं आपण जी तयारी केली, तिचं हे फळ आहे. आणि ज्या मातीला आम्ही दहा वर्षं कोणाचा पाय लागू दिला नाही, त्या मातीचा हा गुण आहे."

मग वैद्य बगळे बोलले. "सकाळी चाळीस, संध्याकाळी तीस. मी आणखी काय सांगू?"

टाळ्या झाल्या. डुकरांकडून घेतलेला एक हार पंतांना घातला. एक वैद्यबुवांना. भिवबाच्या गळ्यात हार बसेना, म्हणून तो ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंतांनी नियम बदलला. विजयी गडी वजनदार होता, तेव्हा खेळणारा वजनदारच हवा, हे आता सिद्ध झालं होतं. जांभळाची फांदी तोडली. वडाची निवडली, मांडीएवढी जाड. ती दगडाला टेकली, तरच आत. नाही टेकली, तर पंत म्हणायचे, "आधी वाढव, मग ये."

जंगलाला हेही पटलं. पुन्हा रांग लागली. वैद्यबुवांनी मोहाची फुलं दिवसातून तीन वेळा सांगितली. जेवणानंतर शतपावली अजिबात नाही. ठकीला पंत म्हणाले, "तू तर दहा वर्षं येऊच नकोस." भेकरानं दीड महिना दाबून खाल्लं, त्याला अजीर्ण झालं, पण फांदी हलली नाही.

मान म्हणून भिवबालाही फांदीवर बसवलं. फांदी वाकली. दगडापर्यंत काही आली नाही. चार बोटं राहिली.

पंतांनी मान वर केली नाही. म्हणाले, "आधी वाढव, मग ये."

भिवबा खाली उतरला. पंतांना नमस्कार केला. आणि खांबाच्या बाजूनं चार पावलं चालून आखाड्यात गेला. ठकी आधीच येऊन बसली होती.

तात्पर्य: खेळायचं असेल तर आधी वजन उतरवावं. उतरलं की नियम बदलतो, मग वाढवावं. या दोन्हीच्या मधे खेळायला वेळ उरत नाही, म्हणून हातपाय शाबूत राहतात, माती चांगली राहते आणि कोणी हसत नाही. जो कोणी हे न ऐकता बाजूनं आत शिरतो, त्याला फार तर सावली मिळते. शाबासकी काही मिळत नाही. खोटं वाटत असेल तर त्या सालच्या वैशाखात भिवबा डोहात पाय सोडून उंबराखाली बसला होता, तेव्हा त्याच सावलीत, त्याच्याच शेजारी येऊन, थंड पाण्यात मान बुडवून वर काढून यसाजी कासव त्याला काय म्हणाला, ते ऐका:

"खेळलास, जिंकलास, सगळं खरं. पण भिव्या, आधी थोडं उतरवलं असतंस ना, तर जरा शोभून दिसलं असतं."